शब्दांची आणेवारी

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संगणकाच्या साहाय्याने राजकीय भाषेचा अभ्यास कसा करावा, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची सूचना होती. हा विषय विद्यापीठातील संशोधकांचा आहे; आवर्तन वेळेवर सुटले नाही, टँकर आला नाही, यादीतून नाव गळाले, असल्या तक्रारी निस्तरण्यात ज्यांचा दिवस जातो त्यांना त्याचे काय, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असणार. तो रास्त आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, संगणकशास्त्र नव्हे. त्यामुळे यंत्राच्या पोटात काय चालते यावर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की शासनाच्या कागदावरील शब्द बदलला की त्यामागचा पैसा आणि हक्कही बदलतो. आणि तो शब्द केव्हा, कोठे व कोणी बदलला हे शोधण्याचे एक स्वस्त साधन आज आपल्या हाती आलेले आहे. ते कोणाच्या शब्दांवर चालवायचे, हा प्रश्न मात्र राजकीय आहे. शेवटी मी त्याकडे येईन.

उदाहरणादाखल एकच शब्द घेऊ. तो या दोन्ही तालुक्यांना पिढ्यान् पिढ्या ओळखीचा आहे: दुष्काळ.

एका शब्दाचा प्रवास

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जे संकट कोसळले, त्यानंतर इंग्रज सरकारने १८७८ मध्ये आयोग नेमला आणि पुढे प्रांतोप्रांती ‘फॅमिन कोड’ तयार झाले. परकी सरकारचा तो कंजूष कायदा होता. तरीही त्यात एक गोष्ट होती. ‘फॅमिन’ हा शब्द एकदा अधिकृतपणे उच्चारला की कामे काढणे, निराधारांना अन्न देणे ही सरकारची जबाबदारी ठरत असे. साहजिकच तो शब्द उच्चारण्यास अधिकारी नाखूश असत.

स्वातंत्र्यानंतर, १९६३ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक विलक्षण कायदा संमत केला. राज्याला लागू असलेल्या सर्व कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळण्याचा तो कायदा. शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, तेव्हा आता फॅमिनला वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. कायद्याच्या पुस्तकात त्याच्या जागी ‘स्कार्सिटी’, म्हणजे टंचाई, आली. मराठीत ‘दुष्काळ’ हा एकच शब्द भूकबळीच्या संकटालाही लागतो आणि पाऊस न पडण्यालाही लागतो. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. या फटीचा प्रशासनाने पुढे पुष्कळ उपयोग करून घेतला.

नऊच वर्षांनी १९७२ उजाडले. कागदोपत्री जी होती ती टंचाई. पण खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला जाणारे लोक ‘दुष्काळी कामावर’ जातो असेच म्हणत होते. मे १९७३ मध्ये अशा कामांवर राज्यात सुमारे ५० लाख माणसे होती. मिलो आणि सुकडी खाऊन ज्यांनी ते दिवस काढले, त्यांच्या तोंडी आजही ‘७२ चा दुष्काळ’ हाच शब्द आहे. विधिमंडळाने पुसलेला शब्द लोकांनी आपल्या बोलीत टिकवून धरला. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना विस्तारली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्या कायद्याचे मर्म समाजवाद्यांनी विसरू नये. मजुराला काम मागण्यासाठी कोणी काही ‘जाहीर’ करण्याची वाट पाहावी लागू नये, हे ते मर्म होय. हक्क शब्दाच्या घोषणेवर लटकत न ठेवता तो माणसाच्या मागणीला जोडण्याचा तो प्रयत्न होता.

पुढची गोष्ट अलीकडची आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य सरकारने १४,७०८ गावांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. ‘सदृश’ म्हणजे सारखी. दुष्काळासारखी, पण दुष्काळ नव्हे. हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेला. अखेर मे २०१६ मध्ये, उन्हाळा सरत आला असता, सरकारने निर्णय काढला की आधीच्या आदेशांत जेथे ‘दुष्काळसदृश’ असे म्हटले आहे तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे. तोवर अशा गावांची संख्या २९ हजारांवर गेली होती. संगणकावर एक शब्द शोधून त्याच्या जागी दुसरा घालण्याची सोय असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. शासनाने तेच केले. फक्त त्यासाठी एक सबंध हंगाम आणि एक याचिका खर्ची पडली.

शब्द ठरविणारे यंत्र

पूर्वी दुष्काळ ठरत असे तो आणेवारीने. दशमान नाणी आल्यावर तिचे नाव पैसेवारी झाले, पण लोक अजून आणेवारीच म्हणतात. गावच्या पिकाची प्रमाण उत्पादनाशी तुलना करायची, आणि ती ५० पैशांच्या खाली गेली की सवलती. या पद्धतीत राजकारण चाले, विलंब होई. पण निदान गावच्या लोकांना ती कळत असे आणि तिच्यावर भांडता येत असे. डिसेंबर २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर राज्याने ७ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने नवी कार्यपद्धती स्वीकारली. आता पावसाची तूट आणि खंड ही पहिली कळ. त्यानंतर उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, जमिनीतील ओलावा, पेरणीचे क्षेत्र, जलसाठे यांचे निर्देशांक ही दुसरी कळ. मग निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी. तिला ‘सत्यमापन’ असे सुंदर नाव आहे. ही आकडेमोड ‘महामदत’ या संगणकप्रणालीवर होते. म्हणजे आपल्या तालुक्याच्या कपाळी ‘दुष्काळ’ हा शब्द लिहायचा की नाही, याचा प्राथमिक निवाडा आता यंत्र करते.

मी यंत्राचा शत्रू नाही. तलाठ्याच्या मर्जीपेक्षा मोजमाप बरे. पण निर्देशांक शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कोणत्याही निर्देशांकात सरासरी कोणत्या क्षेत्राची घेतली आणि कशाला किती भार दिला, यावर उत्तर ठरते. शिरूर तालुक्यात घोड आणि भीमेकाठी ऊस उभा असतो आणि त्याच तालुक्यात पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई ही गावे पाण्याची वाट पाहत असतात. दौंडचे तेच. मुळा-मुठा व भीमेच्या काठचा बागायती पट्टा एकीकडे आणि जनाई-शिरसाई उपशाच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेला दक्षिणेचा जिरायती भाग दुसरीकडे. एकाच तालुक्यात दोन हवामाने आणि दोन अर्थव्यवस्था नांदत असतील, तर उपग्रहाला दिसणारा हिरवा रंग कोणाच्या शेतातला, हे विचारलेच पाहिजे.

२०१८ च्या ऑक्टोबरात आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली आणि आठवडाभरातच १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. उरलेल्या तालुक्यांचे ‘सदृश’ हवेत विरले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. दोन्ही वेळा शिरूर आणि दौंड यादीत होते. मात्र २०२३ मध्ये यादीबाहेर राहिलेल्या भागांतून ओरड झाली, तेव्हा १० नोव्हेंबरला १,०२१ महसुली मंडळांत पुन्हा ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ अवतरली. २०१६ मध्ये न्यायालयासमोर जो शब्द मागे घ्यावा लागला होता, तो सात वर्षांनी मागच्या दाराने परत आला. त्या मंडळांना सवलती मिळाल्या हे खरे. पण केंद्रीय मदतीच्या दाराशी जो शब्द चालतो, तो ‘सदृश’ नव्हे. आणि २०२५ च्या पावसाळ्यात शेते वाहून गेली तेव्हा ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा ही मागणी उठली. असा शब्द संहितेत नाही, पण दुष्काळातल्या सवलती देऊ, असे उत्तर मुख्यमंत्र्यांनी दिले. सवलत दिली तरी शब्द द्यायचा नाही, ही वृत्ती १९६३ पासून अखंड आहे. शब्द दिला की हक्क तयार होतो. सवलत मात्र उपकार म्हणून देता येते.

मोजणी कशी करावी

हा सारा इतिहास मी तुम्हांला चार-पाच ठळक निर्णयांच्या आधारे सांगितला. परंतु शासन निर्णय हजारोंनी निघतात. ते शासनाच्या संकेतस्थळावर तारीखवार ठेवलेले असतात. प्रत्येकावर लांबलचक संगणक सांकेतांक असतो. विधिमंडळातील चर्चा, जिल्हाधिकारी कार्यालयाची पत्रके, ग्रामसभांचे ठराव हे निराळेच. एवढे कोणी वाचायचे? येथे संगणक उपयोगी पडतो.

पद्धत समजायला सोपी आहे. सर्व मजकूर तारखेसह एकत्र करायचा. कोणता शब्द कितीदा आला ते मोजायचे. मग त्या शब्दाच्या मागचे-पुढचे चार-पाच शब्द घेऊन सर्व उदाहरणे एकाखाली एक मांडायची. ही कल्पना नवी नाही. मु. ग. पानसे यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेची चिकित्सा शब्दसूचीसह डेक्कन कॉलेजातून १९५३ मध्ये प्रसिद्ध केली, ती डोळ्यांनी आणि हातांनी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ सालच्या छापील मजकुरांतून दहा लाख शब्दांचा संगणकीय संचय तयार झाला. तो अर्थात भारतीय इंग्रजीचा. मराठीची पाळी त्यानंतर, केंद्र सरकारच्या १९९० नंतरच्या प्रकल्पांत आली. आज पुण्यातलेच तरुण संशोधक मराठी मजकुराचे मोठमोठे संचय उघडपणे उपलब्ध करून देत आहेत. साधने आहेत; प्रश्न विचारणारे कमी आहेत.

मात्र मराठी ही यंत्राला सहज वश होणारी भाषा नाही. ‘पाणी’ हा शब्द शोधाल तर ‘पाण्याचा’, ‘पाण्यावाचून’ हे निसटतील, कारण विभक्ती लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘दुष्काळ’ या अक्षरांनी सुरू होणारे सारे शब्द मोजाल तर ‘दुष्काळी’, ‘दुष्काळग्रस्त’ यांच्याबरोबर ‘दुष्काळसदृश’ही त्याच ढिगात जाईल, आणि ज्या भेदासाठी लोक न्यायालयात गेले तोच भेद तुमच्या तक्त्यातून नाहीसा होईल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचा मजकूर घ्याल तर ‘दुष्काळांत’ आणि ‘दुष्काळात’ हे यंत्राला दोन शब्द वाटतील. जुने कागद तर नुसती छायाचित्रे असतात. यंत्राला त्यांत अक्षरच दिसत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की ‘दुष्काळ जाहीर करण्याचा प्रश्न उद्भवत नाही’ या वाक्यातही ‘दुष्काळ’ एकदा मोजला जातो. म्हणून शासनाच्याच शब्दात सांगायचे, तर मोजणीनंतर सत्यमापन हवे. शंभर उदाहरणांपैकी निदान दहा माणसाने वाचलीच पाहिजेत.

तुमच्यासाठी मी तीन मोजण्या सुचवितो. तालुक्याच्या ठिकाणी एक साधा संगणक आणि दोन महाविद्यालयीन मुले-मुली असली तरी त्या होण्याजोग्या आहेत.

पहिली मोजणी: ‘दुष्काळ’, ‘दुष्काळसदृश’, ‘टंचाई’ यांपैकी कोणता शब्द कोणत्या महिन्यात, कोणत्या कार्यालयाच्या कागदात येतो. त्याशेजारी पावसाची आणि टँकरची नोंद ठेवा. पाऊस हटल्यापासून शब्द येईपर्यंत किती दिवस लोटले, हे त्यातून दिसेल. तो विलंब हीच शासनाची खरी आणेवारी.

दुसरी मोजणी क्रियापदांची. शासकीय मराठीत कर्ता सहसा नसतो. ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘प्रस्ताव सादर करण्यात येईल’. कोण करणार, हे वाक्यात नाही. आपल्या गावासंबंधीच्या पत्रव्यवहारातील ‘करण्यात येईल’ किती आणि ‘करण्यात आले’ किती, हे वर्षागणिक मोजा. वर्षानुवर्षे एकाच योजनेबद्दल ‘येईल’च येत राहिले, तर त्या तक्त्याइतके बोलके भाषण कोणता पुढारी करणार?

तिसरी मोजणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुष्काळ जाहीर झाला की आठ सवलती लागू होतात. जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पंपाची जोडणी न तोडणे, विद्यार्थ्यांची परीक्षाशुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि पिण्याच्या पाण्याचे टँकर. नीट पाहा. आठांपैकी पाच सवलती ज्याच्या नावे जमीन, कर्ज किंवा पंप आहे त्याच्या आहेत. भूमिहीन मजुराच्या आणि डोक्यावर हंडा वाहणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला उरलेल्या तीन. पंपाची जोडणी न तोडण्याच्या कलमात तर अजूनही ‘टंचाई जाहीर केलेल्या गावात’ अशी जुनी शब्दयोजना राहून गेली आहे. तेव्हा या निर्णयांत ‘शेतकरी’ हा शब्द किती वेळा येतो, ‘शेतमजूर’ किती वेळा, ‘महिला’ किती वेळा, हे मोजा. आणि ही मोजणी करताना आपल्या पक्षाची पत्रके, ठराव आणि हे साप्ताहिकही सोडू नका. ज्यांच्यासाठी आपण लढतो असे म्हणतो, ते आपल्या शब्दांत किती आहेत, हे कळू द्या. आपली भाषा मोजायची आपली तयारी नसेल, तर दुसऱ्याची मोजण्याचा नैतिक अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

कोणाचे शब्द मोजायचे?

आता अखेरचा प्रश्न. हेच साधन उलट्या दिशेनेही चालविता येते, नव्हे ते चालविले जात आहे. लोक भ्रमणध्वनीवर काय लिहितात, कशावर चिडतात, कोणत्या शब्दाने हलतात, हे मोजून त्यांच्यापर्यंत नेमका संदेश पोहोचविण्याचा धंदा निवडणुकीच्या काळात कसा फोफावतो, हे तुम्ही जवळून पाहिले आहे. यावर काही जण विचारतील की भडकाऊ मजकुराचे काय? १ ऑगस्ट २०२५ रोजी दौंड तालुक्यातील यवत येथे समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दगडफेक व जाळपोळ झाली. असा मजकूर यंत्राने वेळीच हेरला तर काय वाईट?

प्रश्न गंभीर आहे. तो झटकून टाकता येणार नाही. मराठीत असे प्रयोग झालेले आहेत. २०२२ मध्ये पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने ट्विटरवरील २५ हजारांहून अधिक मराठी संदेश घेऊन, त्यांतील द्वेषमूलक, आक्षेपार्ह, शिवराळ आणि निर्दोष असे चार वर्ग माणसांकडून पाडून घेऊन, यंत्राला ते ओळखायला शिकविणारा संचय प्रसिद्ध केला. हे काम उपयुक्त आहे, आणि ते उघड असल्यामुळे तपासताही येते. परंतु आपल्याकडच्या पारावरच्या बोलण्यात शिवी ही पुष्कळदा सलगीची खूण असते, आणि सभ्य, अलंकारिक, एकही अपशब्द नसलेल्या भाषणातून गाव पेटविता येते. केवळ शब्दांच्या याद्यांवर विसंबणारे यंत्र पहिल्याला दोषी ठरवील आणि दुसऱ्याला सोडून देईल. शिवाय गावातल्या पोराचा संदेश हेरण्यास आपण जितके उत्सुक असतो, तितके व्यासपीठावरील मान्यवरांची भाषणे वर्षभर जमवून मोजण्यास असतो काय?

म्हणून माझे सांगणे असे आहे. जो सार्वजनिक पदावरून, सार्वजनिक पैशाने किंवा सार्वजनिक व्यासपीठावरून बोलतो, त्याचा प्रत्येक शब्द मोजण्याचा नागरिकाला हक्क आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमाने शासनावर स्वतःहून माहिती खुली करण्याची जबाबदारी टाकलेली आहे, ती वापरा. मात्र सामान्य माणसाचे खासगी बोलणे त्याच्या संमतीवाचून गोळा करण्याचे काम आपल्या कार्यकर्त्याने करू नये, दुसरा पक्ष करतो म्हणूनही करू नये. त्याच्याकडे जावे, ओट्यावर बसावे आणि ऐकावे. ‘दुष्काळ’ हा शब्द विधिमंडळाने गाळला तेव्हा तो कोणत्याही संचयात जतन झाला नाही. तो कान्हूरच्या आणि कुरकुंभच्या माणसांच्या जिभेवर राहिला. ते ऐकण्याचे काम यंत्राकडे सोपविता येत नाही.

येत्या ऑक्टोबरात पुन्हा कळा तपासल्या जातील, पुन्हा कोणते तरी तालुके यादीत येतील आणि कोणती तरी मंडळे ‘सदृश’ ठरतील. त्या वेळी निवेदन घेऊन तहसील कचेरीत जाताना तुमच्या हाती मागील दहा वर्षांतील शब्दांचा तारीखवार तक्ता असावा. घोषणा देणाऱ्या मोर्चाला अधिकारी आश्वासन देतो. त्याच्याच कार्यालयाचे शब्द मोजून घेऊन आलेल्या मोर्चाला मात्र त्याला उत्तर द्यावे लागेल. दोन्ही तालुक्यांत या कामाला पुढच्या महिन्यात सुरुवात व्हावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.